चौथ्या भागाची प्रुफं

९ जानेवारी, गुरुवार

निवृत्तीला चार वर्षं झाली. आज पुन्हा लाल पेन विकत आणलं.

काम सूनबाईने दिलं. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. संध्याकाळी आली, चहा झाला, आणि माझ्यापुढे हा एवढा गठ्ठा ठेवून म्हणाली, "आई, जरा ऱ्हस्व-दीर्घ बघाल का?"

एकतीस वर्षं पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासली मी. मला 'जरा' ऱ्हस्व-दीर्घ बघता येत नाही. तसं म्हटलं तर हसली.

गठ्ठा एका कॉम्प्युटरवरच्या खेळाचा आहे. जपानमध्ये तीसेक वर्षांपूर्वी एक मालिका निघाली होती, ही मंडळी तिला 'मीठसागर' म्हणतात. समुद्र आटून मीठ झालेला, आणि चार वाटसरू त्या मिठावरून चालत देश वाचवतात. खेळणाऱ्याने त्या चौघांना चालवायचं, लढवायचं, गावोगावच्या माणसांशी बोलायचं. एकेक भाग पन्नास-साठ तासांचा. सूनबाई आणि तिचा भाऊ त्यावरच वाढले. तीन भाग झाले आणि कंपनीने मालिका बंद केली. गोष्ट अर्धीच राहिली. म्हणून सूनबाई आणि आणखी चार वेडी माणसं मिळून चौथा भाग स्वतःच करताहेत. सहा वर्षं झाली. एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, टोपणनावांनी ओळखतात. बेडूक संगीत करतो, कंदील नावाची मुलगी चित्रं काढते. विकायचा नाही, फुकट द्यायचा. कंपनीने डोळे वटारले तर गुंडाळून ठेवायचा. संवाद सगळे सूनबाईचे, आपल्या भाषेत.

"कोणासाठी एवढा खटाटोप?" मी विचारलं.

"पुढे काय झालं हे ज्यांना कळलंच नाही, त्यांच्यासाठी," म्हणाली.

मार्चच्या मध्यापर्यंत हवंय. चिरंजीव घरी असते तर म्हणाले असते, या वयात आईला कशाला कामाला लावतेस. पण ते शीतगृहांची यंत्रं बसवायला लांब गेलेत. सहा महिन्यांसाठी गेले, त्याला दीड वर्ष झालं. कामच तसं आहे.

११ जानेवारी, शनिवार

कागदावर जमेना. "तो गेला" असं वाक्य आहे. कोण गेला? कुठून? "घ्या" असं आहे. काय घ्या? सूनबाई म्हणाली, ते पडद्यावर दिसतं. मग म्हटलं, पडदा दाखव. पान बघितल्याशिवाय प्रूफ तपासणारा मुद्रितशोधक नव्हे, तो कारकून.

तर आजपासून मी खेळते आहे. हातात ते दोन मुठींचं यंत्र. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बोलायचं. पहिल्याच गावात विहिरीभोवती वीस मिनिटं फिरले, बाहेर पडता येईना. सूनबाई तोंडावर ओढणी धरून हसत होती. हसू दे. बऱ्याच दिवसांनी एवढी हसली.

नायिका एक नावाडीण आहे, पन्नाशीची. दुसऱ्या भागात म्हणे ती फक्त नऊ वाक्यं बोलून गेली होती. सूनबाईला लहानपणापासून वाटायचं की हिला आणखी बोलायचं असणार. आता समुद्रच नाही म्हणून नावेला चाकं लावून ती मिठावरून हाकते आणि जुन्या साथीदारांना शोधते.

लढाया मला आवडल्या. आपली पाळी आली की हवा तेवढा विचार करा, समोरचा राक्षस मुकाट उभा राहतो. एवढी सभ्यता आमच्या छापखान्यातल्या फोरमनकडेही नव्हती.

पहिल्या गावात चुका: सत्तावीस.

१२ जानेवारी, रविवार

अकराला चिरंजीवांचा फोन. दर रविवारी अकरालाच करतो. सूनबाईची रविवारी सकाळची पाळी असते, त्यामुळे तिची चुकामूक होते. मी म्हटलं, "अरे, जरा दुपारी करत जा, तीही भेटेल." म्हणाला, दुपारी साइटवर असतो. नशीबच म्हणायचं.

एरवी तो "बरी आहेस ना, औषध घेतेस ना" यापुढे जात नाही. आज मी खेळाचं सांगितलं तर चक्क रस घेतला. कोण कोण आहे त्यात, पुरुष किती, बोलतात कसे. मला बरं वाटलं. नवऱ्याने बायकोच्या कामाची चौकशी करावी, याहून काय हवं? मग मीही सुटले. बेडूक चाली करून पाठवतो आणि ती कानात घालून ऐकते, तर म्हटलं, "बेडूक दिवसभर हिच्या कानाशीच असतो!" काल भात करपला तेही सांगितलं. दोघी पडद्यापुढे, वास आला तेव्हा उठलो, आणि तसाच खाल्ला हसत हसत. "मला तर ती जागेवरून उठूच देत नाही," म्हटलं.

तो हसला नाही. लाइन खराब असेल.

२० जानेवारी, सोमवार

तीनदा हरले. मिठाच्या खाणीत एक आंधळा खेकडा आहे, घराएवढा. तो तिघांना पुरून उरतो.

सूनबाई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, तुम्ही तिघांनाच घेऊन का लढताय? टोळीत चार जणांची जागा आहे. जकातनाक्यावरची बाई घ्या, ती केव्हाची मागे लागलीय. चांगली लढते."

"चौथी जागा त्याची ना? पहिल्या तीन भागांतल्या नायकाची," मी म्हटलं. "त्याची तलवारसुद्धा मी जपून ठेवलीय. तो आल्यावर काय करायचं मग?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग "कपडे वाळले असतील" म्हणत गच्चीवर गेली.

येणारच असेल. नाहीतर तलवार विकता का येत नाही? दुकानदार म्हणतो, "ही मी घेणार नाही, बाई." म्हणजे काहीतरी योजना असणार. लेखक उगाच काही ठेवत नाही. जागा रिकामी ठेवली आहे. पुन्हा हरले. खेकडा तूर्त सोडून दुसऱ्या वाटेने पुढच्या गावाला निघाले.

२६ जानेवारी, रविवार

चिरंजीवांना लग्नाचा दाखला हवा आहे, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रतीही. कंपनीत कुटुंबाचा विमा काढताहेत म्हणे. "तिला सांगू नकोस, झाल्यावर मीच सांगेन," म्हणाला. कपाट तिचं. चावी कुठे असते ते मला माहीत आहे. कपाटात तिच्या कपड्यांखाली त्याचा निळा स्वेटर घडी करून ठेवलेला.

एकेक कागद खिडकीत धरून फोनवर फोटो काढले आणि पाठवले. एकही हलला नाही. त्याने लगेच अंगठा पाठवला.

विमा चांगली गोष्ट आहे. बायकोची काळजी आहे म्हणूनच काढतोय. तरी दिवसभर सूनबाईच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. चांगलंच काम केलंय, मग असं का व्हावं?

५ फेब्रुवारी, बुधवार

भाजी निवडताना सूनबाईने एकदम विचारलं, "आई, तो तुम्हाला फोन करतो?"

"करतो की. कधीमधी."

"काय म्हणतो?"

"बरा आहे. काम फार आहे म्हणतो. का गं?"

"मला सप्टेंबरपासून केलेला नाही," ती म्हणाली. "मी केला तर उचलत नाही. मेसेज वाचतो, उत्तर देत नाही." आवाज अगदी सरळ होता, दवाखान्यात खालची ओळ वाचा म्हणते तसा.

मी म्हटलं, तिकडे रेंज नसते. तिने मान हलवली. देठं वेगळी केली, पानं वेगळी केली, आणि देठं चाळणीत टाकून पानं केरात टाकली.

'कधीमधी' का म्हणाले मी? दर रविवारी करतो. सप्टेंबर म्हणजे पाच महिने. पाच महिने रोज माझ्यासमोर बसून जेवली आणि बोलली नाही. आणि मी विचारलं नाही. आमचे हे गेल्यावर मला विचारणारं कोणी नाही म्हणून मी कुरकुरत होते, आणि घरात...

पुढचं सुचत नाही. चौथ्या गावात चुका: नऊ. मुलगी सुधारतेय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं आज.

पाचव्या गावात एक म्हातारी भेटते. तिला विचारलं की नायक कुठे आहे, तर म्हणते, "तू शोधतेस म्हणून तो हरवलेला नाही, बाई. तो गेलेला आहे." मी यंत्र खाली ठेवलं आणि सूनबाईला हाक मारली. म्हटलं, "हे तू कोणावर लिहिलंयस? स्पष्ट सांग."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने फाइल उघडून तारीख दाखवली. सहा वर्षांपूर्वीची. लग्नाला चार वर्षं झाली आहेत.

"तेव्हा मी त्याला ओळखतही नव्हते, आई."

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, असू द्या. मग विचारलं, "वाक्यात चूक आहे का?"

चूक नव्हती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी रजिस्टर पत्र आलं, सूनबाईच्या नावाचं. पोस्टमन ओळखीचा, मीच सही केली. कोर्टाचा शिक्का बघून वाटलं, दवाखान्याचं काही असेल.

ती आली आणि ओट्याशी उभ्या उभ्या वाचलं. दोनदा वाचलं. मग माझ्या हातात दिलं आणि दूध तापत ठेवलं.

चिरंजीवांनी घटस्फोटाचा अर्ज केला आहे.

मी चष्मा पुसला आणि सवयीने वाचायला लागले. एकेक ओळ, खाली पट्टी धरून. परिच्छेद एक, विवाहाची तारीख. सोबत दाखल्याची प्रत जोडली आहे. प्रतीच्या कोपऱ्यात खिडकीचा गज दिसतो. आमच्या खिडकीचा. परिच्छेद सात असा आहे: "सामनेवाली ही अनोळखी परपुरुषांशी संगणकाद्वारे सतत संपर्कात असून त्यांपैकी एक इसम दिवसभर तिच्या कानाशी असतो. ती अर्जदाराच्या वृद्ध आईस करपलेले अन्न वाढते, तसेच तिलाही खेळाच्या नादी लावून जागेवरून उठू देत नाही."

टंकनाची एकही चूक नाही. स्वच्छ प्रत.

दूध उतू गेलं. तिने गॅस बंद केला आणि पाठमोरीच म्हणाली, "भाताचं त्याला कोणी सांगितलं, आई? घरात आपण दोघीच होतो."

मी म्हटलं, "मला काय माहीत."

"बरं," ती म्हणाली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सूनबाई भावाकडे गेली. दोन बॅगा आणि तिचं मोठं मशीन. खेळायचं छोटं मशीन माझ्यासाठी ठेवलं. दारात म्हणाली, "काम पुरं कराल ना? बाकीचे चौघे थांबलेत."

मी म्हटलं करीन. आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, तोवर ती जिना उतरायला लागली होती. तिसरा मजला. बॅगा पायऱ्यांवर आपटत होत्या. वरून ऐकत उभी राहिले, खाली गेले नाही. गुडघ्यांमुळे नव्हे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चौथ्या जागी जकातवाली घेतली. खेकडा पहिल्या झटक्यात मेला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रोज दुपारी दोन ते सहा खेळते आणि चुकांची यादी तिला फोनवर पाठवते. क्रमांक, गाव, कोण बोलतं, काय आहे, काय हवं. ती उत्तर देते: "दुरुस्त." कधी "दोन्ही दुरुस्त." काल एकोणीस चुकांना एकच शब्द आला, "दुरुस्त", तो मी किती वेळा वाचला सांगत नाही. त्यातला 'रु' ऱ्हस्व आहे, बरोबर आहे.

एकटीचा स्वयंपाक म्हणजे भांडी घासायला निमित्त. आज दूध पिऊन भागवलं.

२ मार्च, रविवार

फोन आला. उचलायचा नाही असं ठरवलं होतं. उचलला.

तो मऊ आवाजात बोलत होता. एकोणीस तारखेला यायचंय तुला, आई. कोर्टात समुपदेशक बाई असतात, त्यांच्यापुढे फक्त मला सांगितलंस तेच सांगायचं. काही नवीन बोलायचं नाही. मी गाडी पाठवतो.

मी म्हटलं, "भात करपला हे सांगताना मी हसत होते. ते का नाही लिहिलंस?"

"ते वकिलांनी लिहिलंय, आई. त्यांची भाषा असते."

"आणि विमा?"

उत्तराऐवजी मागे एका बाईचा आवाज आला, "झालं का बोलून?" मी विचारलं कोण आहे. म्हणाला, टीव्ही.

टीव्ही त्याला नावाने हाक मारत होता.

हा माझा मुलगा. आठवीपर्यंत याचं शुद्धलेखन मी घेतलं. खोटं बोलताना याचा आवाज मऊ होतो हे मला याच्या पाचव्या वर्षापासून माहीत आहे. मग गेले सहा महिने दर रविवारी मला तो आवाज गोड का वाटत होता?

कारण मला फोन येत होता. तिला येत नव्हता, मला येत होता. हे लिहायला बारा मिनिटं लागली.

७ मार्च, शुक्रवार

खेळ संपला. मी संपवला. कंदील म्हणते, बाहेरच्या माणसांपैकी शेवटापर्यंत पोहोचलेली मी पहिली.

नायक सापडत नाही. शेवटी नावाडीण मिठाच्या काठावर येते तर तिथे माणसं अडकलेली असतात. त्यांना पलीकडे न्यायचं असतं, अकरा खेपा. राक्षस नाही, लढाई नाही. प्रत्येक खेपेला एकेक उतारू आपलं काहीतरी सांगतो आणि उतरून जातो. अकराव्या खेपेला नाव रिकामी परत येते. मग चढणाऱ्या उन्हात मीठ ओलं दिसायला लागतं. पाणी परत येतंय की डोळ्यांना भास, हे सूनबाईने सांगितलेलं नाही.

रडले नाही. वाक्यं तपासायची होती.

संध्याकाळी शेवटची यादी केली. पाठवायला आठ वाजले. ती इथे उतरवून ठेवते, म्हणजे उद्या मला नाकारता येणार नाही.

"२०९. घाटावरची पाटी. 'नीयम' नव्हे, 'नियम'.

२१०. नववी खेप, कुंभार. 'माझि' नव्हे, 'माझी'.

२११. अर्ज, परिच्छेद सात. ही वाक्यं मूळ माझी आहेत. १२ जानेवारीला मी ती चिरंजीवांना फोनवर हसत सांगितली. कानाशी असतं ते बेडकाचं संगीत. भात दोघींच्या हातून करपला आणि दोघींनी खाल्ला. उठू देत नाही हे मी कौतुकाने म्हणाले होते. दाखल्याचे फोटोही मीच काढून पाठवले, तुझं कपाट उघडून. तो दर रविवारी फोन करत होता.

२१२. २० फेब्रुवारीला ओट्यापाशी 'मला काय माहीत' असं आलं आहे, ते चूक. तिथे 'मी सांगितलं' असं वाचावं."

८ मार्च, शनिवार

सकाळी उत्तर आलं. "२०९, २१० दुरुस्त."

एवढंच.

११ मार्च, मंगळवार

तीन दिवस काही नाही. खिडकीच्या जाळ्या धुतल्या. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई विचारत होत्या, सूनबाई माहेरी गेली का? म्हटलं, माझ्यामुळे गेली. त्यांना वाटलं मी सासूपणाची थट्टा करते आहे. "काहीतरीच तुमचं!" म्हणून हसत गेल्या.

दुपारी चारला मेसेज. "२११ आणि २१२ वाचलं. ते मला आधीच माहीत होतं, आई. तुम्ही सांगाल का, एवढंच माहीत नव्हतं. वकीलबाईंना दाखवू?"

मी लिहिलं, "दाखव. सही करून देते."

मग आणखी एक ओळ लिहिली आणि खोडली. पुन्हा लिहिली, खोडली. शेवटी नाहीच पाठवली.

१९ मार्च, बुधवार

चिरंजीवांनी पाठवलेली गाडी परत पाठवली. बसने गेले.

खोली लहान, एक टेबल, पाच खुर्च्या, भिंतीवर थांबलेलं घड्याळ. समुपदेशक बाई माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, सर्दी झालेली. सूनबाई एका बाजूला, चिरंजीव समोर. एकोणीस महिन्यांनी पाहिलं त्याला. तब्येत सुधारली आहे. नवा शर्ट, इस्त्री कडक. कोणीतरी नीट काळजी घेतंय. आईच्या डोळ्यांना आधी तेच दिसलं, लाज वाटली तरी दिसलं.

बाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या मुलाचं म्हणणं आहे की सून तुम्हाला नीट वागवत नाही. तुम्ही सांगा, न घाबरता."

मी पिशवीतून अर्जाची प्रत काढली. म्हटलं, "मी मुद्रितशोधक होते. परिच्छेद सातमध्ये तीन विधानं आहेत. तिन्ही माझ्या तोंडची आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. कशी ते सांगते."

"आई," चिरंजीव म्हणाले, "हे आपण घरी बोलू."

"घरी बोलले तेच इथे आलंय ना?"

समुपदेशक बाईंनी नाक पुसलं आणि त्याला हाताने थांबवलं. मी सगळं सांगितलं. भात, बेडूक, कपाट, विमा, रविवार. टीव्हीचंही सांगितलं. तिथे त्याने मान खाली घातली. तो क्षण मला नको होता. माझ्या मुलाची मान मी चार लोकांत खाली घालायला लावली. पण वाक्य पुरं केलं. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

सूनबाई सगळा वेळ टेबलाकडे बघत होती. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "मला त्याला धरून ठेवायचं नाही. माझ्यावर जे लिहिलंय ते तेवढं काढा, मी सही करते." 

बाहेर व्हरांड्यात तो माझ्याजवळ आला. ओठ थरथरत होते, अगदी लहानपणी व्हायचे तसे. "तू माझी आई आहेस की तिची?"

"तुझी," मी म्हटलं. "तिची असते तर मला एवढी लाज वाटली नसती."

तो गेला. जिन्यावरून एकदाही वळून बघितलं नाही. मी हाक मारली, नुसती, नावाने. ऐकू गेलं नसेल. लिहिते आहे तसं, पण ऐकू गेलं होतं. पाऊल थबकलं होतं.

बसस्टॉपवर सूनबाई आणि मी. तिची बस वेगळी, माझी वेगळी. तिची आधी आली. चढताना म्हणाली, "औषध घेता ना?" उत्तर द्यायच्या आत दार बंद झालं.

३० मार्च, रविवार

फोन नाही. येणार नाही हे ठाऊक असून अकरा वाजता फोनपाशी बसले होते. वीस मिनिटं. मग उठले.

त्याच्या वकिलांनी परिच्छेद सात वगळून नवा अर्ज दिला आहे, दोघांच्या संमतीचा. सहा महिने लागतील. सूनबाईने दवाखान्याजवळ खोली घेतली. काल तिचे उरलेले कपडे घेऊन गेली. निळा स्वेटर माझ्याकडे देत म्हणाली, "हा तुमचा." मी घेतला. कोणाचा होता ते दोघीही बोललो नाही.

तिला म्हणाले, इथेच राहा, घर मोठं आहे. ती म्हणाली, "राहवणार नाही, आई. राग आहे अजून. रोज समोर असलात तर तो कमी व्हायचा नाही." मग जरा थांबून, "लांबून होईल कदाचित." 

खरं बोलते. मला तेवढंच पुरे असं मी म्हणणार होते, पण पुरे नाही. तरी डबा भरून दिला. तिने घेतला.

८ एप्रिल, मंगळवार

शुक्रवारी खेळ बाहेर पडला. गाजावाजा नाही, कंपनीचंही अजून काही पत्र नाही. नावांच्या यादीत संवादांच्या खाली 'मुद्रितशोधन' अशी ओळ आहे.

आज दुपारी सूनबाईचा फोन. आवाज दबलेला.

"आई, एकाने चूक काढलीय."

"शक्य नाही," मी म्हटलं. "कुठे?"

"तिसऱ्या गावात. विणकराच्या दुकानावरची पाटी. तुम्हीही बघितलीत, मीही बघितली, चौघांनी बघितली." आणि तिने वाचून दाखवलं. "'येथे उत्तम सुत विकत मिळेल.' सु ऱ्हस्व."

मी डोळे मिटले. सूत म्हणजे धागा. सुत म्हणजे मुलगा.

"तो माणूस विचारतोय," ती म्हणाली, आणि आता मला कळलं की आवाज दबलेला का होता, "की या दुकानात मुलगे काय भावाने मिळतात?"

आम्ही दोघी हसलो. खूप हसलो. मला ठसका लागला, तिकडे तिलाही. मग हसणं आपोआप थांबलं. तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता.

"एवढी मोठी पाटी," मी म्हटलं. "माझ्या नजरेतून सुटली."

"माझ्याही."

"मग कर दुरुस्त. दीर्घ ऊकार दे."

"करते. आत्ताच करते," ती म्हणाली. "फोन ठेवू नका, आई."

मी ठेवला नाही. तिकडे एकेक बटण दाबल्याचं ऐकू येत होतं.